पदवीसाठी दोन मुख्य विषय : निवड कशी करावी?

बारावीचा निकाल जाहीर झाला की प्रवेशाची घाई सुरू होते आणि घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय शिकावयाचे? काही वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे होते. कला, वाणिज्य की विज्ञान एवढे ठरले की बाकीचे महाविद्यालयच ठरवीत असे. आता प्रवेश-अर्जावर मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक, चौथे वर्ष असे नवे शब्द आले आहेत. एकाऐवजी दोन मुख्य विषय घेऊन पदवी मिळविण्याची वाटही उपलब्ध झाली आहे. ही वाट कोणाला उपयुक्त आहे, कोणाला ती जड जाईल आणि निवड करताना कोणती माहिती आधी मिळवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विचार केवळ विद्यार्थ्यांनी करावयाचा नाही. ग्रामीण भागात महाविद्यालयात जाणारी मुलगी किंवा मुलगा पुष्कळदा त्या घरातील पहिलाच पदवीधर होणार असतो. सल्ला विचारण्यासाठी तो शाळेतील शिक्षकांकडे, गावातील एखाद्या शासकीय कर्मचाऱ्याकडे किंवा पंचायतीच्या सदस्याकडे येतो. अर्जाच्या एका रकान्यात भरलेल्या शब्दावर त्याची तीन किंवा चार वर्षे आणि घरची मिळकत अवलंबून असते. म्हणून सल्ला देणाऱ्यांनाही या रचनेची नेमकी माहिती असणे अगत्याचे आहे.

कल्पनेचा उगम

दोन विषयांना समान स्थान देणारी पदवी ब्रिटिश विद्यापीठांतून रूढ झाली. तेथे तिला ‘जॉइंट ऑनर्स’ असे म्हणतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९२० साली तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या विषयांचा एकत्रित अभ्यासक्रम सुरू केला. राज्यकारभार करणाऱ्या माणसाला यांपैकी एकाच शास्त्राचे ज्ञान पुरेसे नाही, हा त्यामागील विचार होता. पुढे इंग्लंडमधील नॉर्थ स्टॅफर्डशर येथे एक नवे विद्यापीठ-महाविद्यालय स्थापन झाले आणि १९५० साली तेथे पहिले विद्यार्थी दाखल झाले. दोन प्रमुख विषयांची पदवी हेच या संस्थेचे वैशिष्ट्य होते. शिवाय कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञानाचा आणि विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याने कलाविषयाचा काही परिचय करून घ्यावा, अशीही तेथे योजना होती. हीच संस्था १९६२ साली कील विद्यापीठ झाली. तिचे संस्थापक ए. डी. लिंडसे हे १९३०-३१ मध्ये भारतातील ख्रिस्ती महाविद्यालयांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे.

ब्रिटनमधील पदवीच्या नावावरूनही विषयांचे प्रमाण कळते. दोन विषय ‘अँड’ या शब्दाने जोडलेले असतील तर दोहोंना साधारणपणे सारखे स्थान असते. ‘विथ’ या शब्दाने जोडलेले असतील तर पहिला विषय मुख्य व दुसरा दुय्यम समजला जातो. इंग्लंडमध्ये ही पदवी सामान्यतः तीन वर्षांची आणि ३६० श्रेयांकांची असते. विद्यार्थ्याला आपली जोडी प्रवेश-अर्जातच सांगावी लागते. स्कॉटलंडमध्ये ती चार वर्षांची व ४८० श्रेयांकांची असते. पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थी अनेक विषयांची चव घेतो आणि त्यानंतर एका किंवा दोन विषयांत ऑनर्सकडे वळतो. उशिरा निवड करण्याची ही स्कॉटिश पद्धत आपल्या आजच्या चार वर्षांच्या रचनेस अधिक जवळची आहे.

आपल्याकडील परंपरा

महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. परीक्षेत तिसऱ्या वर्षी एकाच विषयाच्या सहा प्रश्नपत्रिका किंवा दोन विषयांच्या तीन-तीन प्रश्नपत्रिका घेण्याची पद्धत दीर्घकाळ चालू होती. त्याही पूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविली, ती अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र असला तरी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास त्यांनी केला. रुपयाच्या प्रश्नावर, जातिसंस्थेवर आणि राज्यघटनेवर सारख्याच अधिकाराने लिहिणारी लेखणी अशा अभ्यासातून घडली.

दुसरे उदाहरण गोव्यात जन्मलेले प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. ते व्यवसायाने गणिती होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. परंतु प्राचीन आहत नाण्यांचे वजन करून, चलनात फिरताना नाणे झिजते या साध्या गोष्टीला त्यांनी संख्याशास्त्राची जोड दिली आणि नाण्यांच्या साठ्यांचा कालक्रम लावण्याची रीत दाखविली. त्यांचे संस्कृतचे ज्ञान तर भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याइतके खोल होते. त्यांच्या हाती दोन विषयांची पदवी होती म्हणून हे घडले असे नव्हे. तथापि दोन शास्त्रे जेथे एकमेकांना भिडतात तेथे नवे प्रश्न सुचतात, हे त्यांच्या कार्यावरून स्पष्ट होते. दोन विषय घेण्याचे खरे प्रयोजन हेच होय. गुणपत्रिकेवर दोन नावे दिसावीत एवढ्यासाठी ही पदवी घेण्यात अर्थ नाही.

आजची रचना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा श्रेयांक-आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात विद्यापीठांचे विभाग व स्वायत्त महाविद्यालये यांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. संलग्न महाविद्यालयांतील पहिली तुकडी चौथ्या वर्षात पोहोचण्याचे वर्ष या हिशेबाने २०२७-२८ हे येते.

या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. तात्त्विक विषयाच्या एका सत्रातील १५ तासांच्या अध्यापनास एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकाच्या ३० तासांस एक श्रेयांक, असे सर्वसाधारण माप आहे. तीन वर्षांच्या पदवीत मुख्य विषयाचे किमान ६० आणि दुय्यम विषयाचे किमान २४ श्रेयांक अपेक्षित आहेत. उरलेले श्रेयांक इतर विद्याशाखांतील विषय, भाषा, कौशल्ये, मूल्यशिक्षण व उन्हाळी प्रशिक्षण यांसाठी असतात.

दुसरा विषयही मुख्य म्हणून मान्य व्हावयाचा असेल, तर पदवीच्या एकूण श्रेयांकांपैकी किमान ४० टक्के श्रेयांक त्या विषयात मिळवावे लागतात. म्हणजे १२० पैकी ४८ किंवा १६० पैकी ६४. हे साध्य झाल्यास दोन मुख्य विषयांची पदवी मिळते. तेवढे श्रेयांक न भरल्यास दुसरा विषय दुय्यमच राहतो. हा फरक लहान वाटला तरी पुढील प्रवेशाच्या व नोकरीच्या वेळी तो महत्त्वाचा ठरू शकतो.

गल्लत टाळावी

चार वेगवेगळ्या गोष्टी बोलताना एकच समजल्या जातात. त्यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे.

पहिली गोष्ट, मुख्य व दुय्यम विषयांची पदवी. बहुसंख्य विद्यार्थी हीच घेतात. यात एका विषयाचा सखोल अभ्यास आणि दुसऱ्याचा पुरेसा परिचय होतो.

दुसरी गोष्ट, दोन मुख्य विषयांची पदवी. पदवी एकच असते, पण तिचे आधार दोन असतात.

तिसरी गोष्ट, आंतरविद्याशाखीय पदवी. उदाहरणार्थ, अर्थमिती या विषयाच्या पदवीत अर्थशास्त्र, संख्याशास्त्र व गणित यांचे पाठ विद्यापीठानेच एकत्र गुंफलेले असतात. येथे विद्यार्थ्याने जोडी जुळवावयाची नसते. ती अभ्यासक्रमातच जुळलेली असते.

चौथी गोष्ट, एकाच वेळी दोन स्वतंत्र पदव्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये यास परवानगी दिली. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गातील असतील तर त्यांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष वर्गातील व दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन, अथवा दोन्ही दूरस्थ किंवा ऑनलाइन, असेही करता येते. पीएच. डी.ला ही सवलत नाही. यात दोन प्रवेश, दोन शुल्के व दोन परीक्षा असतात. ‘दोन विषयांची पदवी’ म्हणजे हेच, असे समजून एखाद्या पालकाने दोन ठिकाणी शुल्क भरू नये, याची काळजी सल्ला देणाऱ्याने घ्यावी.

श्रेयांकांचे गणित

दोन मुख्य विषयांचा खरा भार किती, हे आकड्यांनीच नीट कळते. दुय्यम विषयाचे किमान २४ श्रेयांक आणि दुसऱ्या मुख्य विषयाचे किमान ४८, यांत २४ श्रेयांकांचा फरक आहे. पहिला मुख्य विषय व अन्य घटक पूर्ववत ठेवले, तर हे २४ श्रेयांक १२० च्या वर जातात. ते सहा सत्रांत सारखे विभागल्यास प्रत्येक सत्रात चार श्रेयांक वाढतात. तात्त्विक विषय असेल तर याचा अर्थ सत्रागणिक ६० तास, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार जादा तास असा होतो. घरच्या अभ्यासाचे तास वेगळेच. दुसरा विषय प्रयोगशाळेचा असेल, तर प्रात्यक्षिकापुरते हे तास दुप्पट होतात.

प्रत्यक्षात हा मेळ कसा घालावयाचा, हे त्या त्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असते. म्हणून ‘दोन मुख्य विषयांसाठी एकूण किती श्रेयांक पूर्ण करावे लागतील व ते कोणत्या सत्रांत?’ हा प्रश्न महाविद्यालयात लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे.

आठवड्याचे चार तास शहरातील विद्यार्थ्यास फारसे वाटणार नाहीत. परंतु गावाहून एस. टी.ने ये-जा करणाऱ्या मुलीचे चित्र वेगळे आहे. जादा तास दुपारनंतर ठेवले गेले आणि परतीची सोयीची गाडी चुकली, तर प्रश्न अभ्यासाचा न राहता घरच्यांच्या काळजीचा होतो. पुष्कळदा अशा कारणाने शिक्षण थांबते आणि दोष मात्र विषयाच्या काठिण्याला दिला जातो. वेळापत्रक पाहिल्याशिवाय विषय ठरवू नये, हे म्हणणे यासाठीच.

जोडी कशी जुळवावी

विषयांच्या जोड्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिल्या प्रकारात एक विषय दुसऱ्याचे साधन असतो. अर्थशास्त्र व गणित, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित, भूगोल व संगणकशास्त्र या जोड्या अशा आहेत. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात कलनशास्त्र, आव्यूह व संभाव्यता यांचा उपयोग पदोपदी होतो. ते शिकलेला विद्यार्थी तेथे अडखळत नाही. भूगोलाच्या अभ्यासकाला आज उपग्रहचित्रे व भौगोलिक माहिती प्रणाली हाताळावी लागते. पाणलोट क्षेत्राचा नकाशा, पीकपाहणी, गावाचा विकास आराखडा या सर्वांत तिचा वापर होतो. या प्रकारात एका विषयातील श्रम दुसऱ्या विषयाच्या कामी येतात. म्हणून दोन मुख्य विषयांसाठी या जोड्या सर्वांत फलदायी समजाव्यात.

दुसऱ्या प्रकारात दोन विषय शेजारी असतात. इतिहास व राज्यशास्त्र, समाजशास्त्र व मानसशास्त्र, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र, मराठी व हिंदी या जोड्या पाहाव्यात. येथे वाचनाची व विचाराची पद्धत सारखी असल्याने अभ्यास तुलनेने सुकर होतो. मात्र दोन्हींकडे तेच ते शिकत राहण्याचा संभव असतो. अशा वेळी प्रत्येक विषयातील निवडीचे पाठ परस्परपूरक घ्यावेत. इतिहासात मराठ्यांचा आर्थिक इतिहास घेतला, तर राज्यशास्त्रात स्थानिक स्वराज्य किंवा आंतरराष्ट्रीय संबंध घ्यावेत.

तिसऱ्या प्रकारात विषय एकमेकांपासून दूर असतात. संगीत व भौतिकशास्त्र, संस्कृत व संगणकशास्त्र, तत्त्वज्ञान व गणित अशा या जोड्या होत. वरवर त्या विचित्र वाटतात; परंतु ध्वनिशास्त्र, भाषेचे संगणकीय विश्लेषण, तर्कशास्त्र ही क्षेत्रे अशाच सांध्यांवर उभी आहेत. ऑक्सफर्डमध्ये गणित व तत्त्वज्ञान यांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे, तो याच कारणाने. तथापि अशा जोडीत दोन वेगळ्या विचारपद्धती एकाच दिवशी सांभाळाव्या लागतात आणि त्यांना जोडणारा दुवा बहुधा विद्यार्थ्यालाच शोधावा लागतो. दोन्ही विषयांची मनापासून ओढ असेल आणि मार्गदर्शन करणारा प्राध्यापक उपलब्ध असेल, तरच ही वाट धरावी.

निवड करताना एक साधी कसोटी लावता येते. विद्यार्थ्याने दोन्ही विषय एकत्र आल्याखेरीज ज्याचे उत्तर मिळणार नाही असा एक तरी प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहावा. ‘आमच्या तालुक्यात पाऊस तेवढाच असूनही काही गावांच्या विहिरी फेब्रुवारीतच का आटतात?’ हा प्रश्न भूगोल व भूशास्त्र यांच्या जोडीचा आहे. ‘गावातील बचतगटांपैकी काही टिकतात व काही मोडतात ते का?’ हा अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा आहे. असा प्रश्न सुचत नसेल, तर दुसरा विषय दुय्यम म्हणून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

पुढील शिक्षणाची वाट

दोन विषय घेतल्याने दोन्हींकडील दारे बंद तर होणार नाहीत ना, ही भीती पालकांना वाटते. ती अगदीच निराधार नाही, कारण पदव्युत्तर प्रवेशासाठी पूर्वी त्या विषयातील ठरावीक प्रश्नपत्रिकांची अट घातली जात असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्याने ही कोंडी बरीच सैल केली आहे. पदवीला जो विषय मुख्य होता त्यात आणि जो दुय्यम होता त्यातही पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यार्थी पात्र धरला जातो. प्रवेश गुणवत्तेवर द्यावयाचा की प्रवेश परीक्षेवर, हे विद्यापीठ ठरविते. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एक वर्षाचे, अशीही तरतूद आहे.

संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते आणि त्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध असतो. दोन विषयांच्या ओझ्याने दोन्हींत साठ टक्क्यांवर घसरण्यापेक्षा एका विषयात पंचाहत्तर टक्के मिळविणे अशा विद्यार्थ्यास अधिक हितावह आहे.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठीही एक सूचना आवश्यक आहे. काही व्यवसायांत पदवीच्या नावापेक्षा व्यावसायिक संस्थेची मान्यता महत्त्वाची असते. ब्रिटनमध्ये मानसशास्त्र हा एक विषय असलेली संयुक्त पदवी पुढील व्यावसायिक प्रशिक्षणास उपयोगी पडावयाची असेल, तर तिला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता आहे की नाही हे आधी पाहावे लागते.

नोकरी व स्पर्धा परीक्षा

नागरी सेवांच्या परीक्षेस कोणत्याही विषयाची पदवी चालते. त्यामुळे दोन मुख्य विषय असल्याने तेथे पात्रतेत काही अधिक-उणे होत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत एका वैकल्पिक विषयाच्या २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. ज्याच्यापाशी दोन विषयांची तयारी आहे त्याला वैकल्पिक विषय निवडण्यास मोकळीक मिळते आणि दुसऱ्या विषयाचा उपयोग सामान्य अध्ययनात होतो.

काही सेवांत मात्र विषयाची अट असते. भारतीय वन सेवेसाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांपैकी किमान एका विषयासह पदवी लागते. कृषी, वनशास्त्र व अभियांत्रिकीचे पदवीधरही चालतात. भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असणे पुरेसे ठरते. याउलट भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्राची किंवा तत्सम विषयाची पदव्युत्तर पदवीच लागते. यावरून एक सूत्र काढता येते : जेथे ‘एक विषय म्हणून’ अशी अट आहे तेथे दोन विषयांची पदवी लाभाची ठरते, आणि जेथे खोलीची अट आहे तेथे ती केवळ पहिली पायरी असते. जाहिरातीतील पात्रतेचे वाक्य शब्दशः वाचण्याची सवय विद्यार्थ्यास शाळेपासूनच लावली पाहिजे.

शिक्षकी पेशा

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांच्या दृष्टीने दोन विषयांचे महत्त्व विशेष आहे. लहान गावातील माध्यमिक शाळेत एकाच शिक्षकाला दोन विषय शिकवावे लागतात, हा नित्याचा अनुभव आहे. नववी-दहावीला सामाजिक शास्त्रांत इतिहास व राज्यशास्त्र आणि भूगोल असे भाग आहेत. ज्याने पदवीला इतिहास व भूगोल हे दोन्ही विषय मनापासून अभ्यासले आहेत, तो नकाशा भिंतीवर लावूनच सह्याद्रीतील किल्ल्यांचा धडा शिकवील. गणित व भौतिकशास्त्र, मराठी व संस्कृत या जोड्याही शाळेच्या गरजेशी जुळतात.

याखेरीज राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने ऑक्टोबर २०२१ मध्ये चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक शिक्षण अभ्यासक्रम अधिसूचित केला आणि २०२३-२४ पासून तो निवडक संस्थांत सुरू झाला. यात शिक्षणशास्त्र हा एक मुख्य विषय व इतिहास, गणित, विज्ञान, भाषा यांसारखा दुसरा मुख्य विषय असतो. तीन वर्षांची पदवी व दोन वर्षांचे बी. एड. मिळून पाच वर्षे लागतात. या अभ्यासक्रमात चार वर्षे पुरतात. प्रवेश राष्ट्रीय स्तरावरील सामाईक परीक्षेने होतो. एका वर्षाचा खर्च वाचणे ही सामान्य कुटुंबास लहान गोष्ट नव्हे. म्हणून ज्यांचा शिक्षक होण्याचा निश्चय आहे, त्यांना बारावीतच याची माहिती द्यावी.

केव्हा घेऊ नये

दोन मुख्य विषय घेण्याची प्रतिष्ठा आहे म्हणून ते घेऊ नयेत. पहिल्या विषयातच पाया कच्चा असेल, शेतीची किंवा अर्धवेळ कामाची जबाबदारी अंगावर असेल, अथवा महाविद्यालयात दुसऱ्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक नसेल, तर मुख्य व दुय्यम ही साधी रचना अधिक श्रेयस्कर होय. दोन्ही विषयांची केवळ तोंडओळख करून घेतलेला पदवीधर एका विषयात पारंगत असलेल्याच्या मागे पडतो.

घाई करण्याचेही कारण नाही. पहिले वर्ष हे पारखण्याचे वर्ष आहे. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस मुख्य विषय बदलण्याची विनंती करण्याची संधी आराखड्यात ठेवलेली आहे. त्या वेळेपर्यंत दोन्ही विषयांतील गुण, रुची आणि थकवा या तिन्हींचा अंदाज आलेला असतो. पुढेमागे काही अडचणीने शिक्षण थांबले, तरी मिळविलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहतात. सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत ते उपयोगात आणता येतात. मात्र या पेढीत आपले खाते उघडले आहे व प्रत्येक सत्राचे श्रेयांक त्यात नोंदले गेले आहेत, याची खात्री विद्यार्थ्याने स्वतः करावी.

महाविद्यालयास विचारावयाचे प्रश्न

प्रवेश घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे मिळवावीत :

१. या महाविद्यालयात दोन मुख्य विषयांची सोय आहे काय, की दुसरा विषय केवळ दुय्यम म्हणून मिळतो?

२. दोन्ही विषयांना किती पूर्णवेळ प्राध्यापक आहेत?

३. दोन्ही विषयांच्या तासिका व प्रात्यक्षिके एकाच वेळी येतात काय? शेवटची तासिका किती वाजता संपते?

४. एकूण किती श्रेयांक पूर्ण करावे लागतील व त्यासाठी जादा शुल्क आहे काय?

५. चौथे वर्ष याच महाविद्यालयात करता येईल काय? संशोधन-प्रबंध कोणत्या विषयात घेता येईल?

६. पदवी प्रमाणपत्रावर व गुणपत्रिकेवर दोन्ही मुख्य विषयांची नावे कशी छापली जातील?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण नोकरीच्या अर्जाची छाननी करणारा अधिकारी कागदावर जे छापलेले आहे तेच पाहतो.

शाळेचे व गावाचे काम

ही माहिती विद्यार्थ्यांपर्यंत वेळेवर पोहोचविणे हे शाळेचे व गावाचे संयुक्त काम आहे. कनिष्ठ महाविद्यालयांनी बारावीच्या परीक्षेपूर्वीच पालकांची एक सभा घ्यावी आणि जवळच्या महाविद्यालयांतील विषयांचा तक्ता फलकावर लावावा. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात विद्यापीठाच्या माहितीपत्रकाची छापील प्रत ठेवता येईल. महाविद्यालयात शिकत असलेल्या गावातीलच मुलामुलींनी सुट्टीत बारावीच्या विद्यार्थ्यांशी बोलावे, अशी व्यवस्था पंचायत सदस्यांनी केल्यास तिला खर्च काहीच नाही. परतीच्या गाडीची वेळ अडचणीची असेल, तर आगाराकडे गावाच्या वतीने लेखी मागणी करणे हेही शिक्षणाचेच काम आहे.

विषय कोणते घ्यावयाचे, हे अखेर विद्यार्थ्यानेच ठरवावयाचे असते. वडीलधाऱ्यांनी त्याच्यापुढे माहिती ठेवावी, हिशेब समजावून द्यावा आणि निर्णयाला लागणारा वेळ त्याला द्यावा. दोन विषयांची पदवी ही कष्टाची वाट आहे. समजून-उमजून धरली, तर ती माणसाला एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहावयास शिकविते. पाणी, शेती, आरोग्य, शाळा यांचे गावातील प्रश्न कोणत्याही एका विषयाच्या चौकटीत मावणारे नाहीत. ते सोडविण्यासाठी अशा दृष्टीच्या तरुणांची गरज आहे, आणि त्यांची घडण बारावीनंतरच्या या निवडीपासून सुरू होते.